सिद्धू मोटरवाल्याचा दाब

सिद्धूच्या हाताला नाडी लागत नव्हती आणि आमच्या वडगाव निंबाळकरला त्याचं भारी कौतुक होतं. चालता-बोलता माणूस, तंबाखू सोडल्यापासून खिशात शेंगदाणे घेऊन हिंडणारा, आणि मनगट धरलं तर आत काहीच उडत नाही! लोक त्याला स्टँडवर अडवायचे, हात धरायचे, "आयला, खरंच की!" म्हणायचे आणि चहा पीत बसलेल्या पाव्हण्याला हाक मारायचे. सिद्धू प्रत्येकापुढे हात करायचा. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

मी रावजी. इथल्या शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता एकोणसत्तर वय आहे. सिद्धू माझा विद्यार्थी. घर धनगराचं. आजोबांच्या काळात मेंढरं होती, बापानं ती विकून कालव्याच्या कडेला तीन एकर केलं. आठवीत हृदयाचा धडा शिकवताना मी फळ्यावर आकृती काढली आणि म्हणालो, हृदय म्हणजे पंप. सिद्धू उभा राहिला. "गुरुजी, पळताना ही मोटर जोरात चालती आन बसल्यावर हळू. मग बटन कोण दाबतं?"

मला माहीत नव्हतं. "परीक्षेला येत नाही, खाली बस," असं मी दरडावलं. घरी येऊन पुस्तक काढलं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत दाब ओळखणारी जागा असते. दाब चढला की ती मेंदूला कळवते, मेंदू हृदयाला सावकाश घ्यायला सांगतो आणि अंगभरच्या नळ्या सैल सोडतो. दाब उतरला की सगळं उलट. माणसाला पत्ताही लागत नाही. वाचून मी थक्क झालो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं नाही. काल आपल्याला येत नव्हतं हे चाळीस पोरांसमोर कोण कबूल करणार?

आठवीनंतर सिद्धू शाळेत आला नाही. नीरा नदीवरच्या उपसा सिंचन संस्थेत मोटरवर लागला आणि सव्वीस वर्षं त्या पंपघरात राहिला. नुसता पाइपावर हात ठेवून तो सांगायचा की वरच्या अंगाला कुणीतरी कॉक दाबून पाण्याची वाट अडवलीय, नाहीतर नदीत पाइपाच्या तोंडाशी फूटवॉलला शेवाळ धरलंय. जागेवर जाऊन बघावं तर तसंच निघायचं. त्याचा कान असा की मोटरचा सूर केसभर बदलला तरी जेवता जेवता ताट सोडून उठायचा. संस्थेचे चेअरमन सर्जेराव त्याला "आमचा डॉक्टर" म्हणायचे. पगार मात्र त्यांनी कधी डॉक्टरचा दिला नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी त्याला साधा ताप आला आणि तापानं हृदय खाल्लं. दहा पावलं चालला की धाप लागायची, रात्र उशीला टेकून बसून काढायचा. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, हृदय फुग्यासारखं सैल झालंय, सहा महिने काढले तर पुष्कळ. त्याच वेळी तिथं आपल्याकडेच तयार झालेल्या एका नव्या पंपाची चाचणी चालू होती. मोजक्या लोकांना तो फुकट बसवणार होते. सिद्धूला बसवला. छातीत हृदयाला चिकटवलेला मुठीएवढा पंप, पोटातून बाहेर आलेली एक तार, कमरेला कंट्रोलरचा डबा आणि खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या. पंप अखंड फिरतो, ठोके देत नाही, म्हणून नाडी नाही.

दवाखान्याची अट एकच होती, पण कडक. दाब रोज मोजायचा, वहीत लिहायचा आणि फोटो काढून पाठवायचा. कारण या पंपाला मानेतल्या त्या जागेचं काहीच ऐकू येत नाही. वेग ठरवून दिलेला, तेवढ्याच वेगानं तो फिरणार. अंगातला दाब वाढला की पंपाला पुढं ढकलणं जड जातं आणि रक्त कमी पडतं. शिवाय पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात. दाब फार चढला तर मेंदूतली एखादी बारीक नळी फुटते आणि ते पातळ रक्त थांबत नाही. आकडा सत्तर आणि नव्वदच्या मध्ये राहिला पाहिजे. राहिला तर सिद्धू जगणार, नाही राहिला तर मरणार, इतकं सरळ होतं.

मी हे त्याला समजावून सांगायला गेलो तर त्यानंच मला सांगितलं. "गुरुजी, ह्यो तर आपला उपसा हाय. मोटर तेवढीच फिरती. वरनं कॉक दाबला की डिलिव्हरी पडती, पानी कमी येतं, आन लैच दाबला तर कुठंतरी पाइप फुटतो. दाबाची गोळी म्हंजी कॉक उघडा ठेवायचा. झालं की!"

दाब मोजणं मात्र साधं नव्हतं. नेहमीचं यंत्र नाडीवर चालतं. ते सिद्धूच्या दंडाला लावलं की नुसतं गुरगुरायचं आणि चूक दाखवायचं. म्हणून दवाखान्यानं वेगळं यंत्र दिलं होतं. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या आत थंडगार लेप लावून पेनासारखी नळी टेकवायची, पट्ट्यात हवा भरायची. रक्त अडलं की यंत्र गप्प होतं. मग हवा हळूहळू सोडायची आणि यंत्रातून बारीक शूंऽऽ असा आवाज परत आला की त्या क्षणी तबकडीवरचा काटा बघायचा. तो आकडा म्हणजे दाब. सगळा खेळ कानाचा. सिद्धूची मुलगी योगिनी, तेव्हा एकोणीस वर्षांची, ती हे आठ दिवसांत शिकली. बापाचा कान तिच्याकडे आला होता.

अडीच वर्षं अशी गेली. एकदा पुण्याहून ऋषिराज नावाचा तरुण इंजिनिअर आला. अंगाची गरज ओळखून आपोआप वेग बदलेल असा पंप त्याला करायचा होता, आणि त्यासाठी पंप बसवलेल्या मंडळींचे रोजचे आकडे हवे होते. सिद्धूनं त्याला नदीवर नेलं, पाइपावर हात ठेवायला लावला. "सायेब, तुमची मोटर लै ग्वाड फिरती. पर ती आडानी हाय. जिना चढाय लागलो तरी तेवढंच देती, झोपलो तरी तेवढंच. माझ्यासारखा एक मानूस तिच्याजवळ बसवा." ऋषिराज हसला आणि म्हणाला, तोच माणूस मी तयार करतोय, लोखंडाचा. परत जाताना त्यानं योगिनीच्या वहीची पानं न् पानं फोटोत घेतली.

मग सिद्धूच्या डोक्यात लग्न शिरलं. छातीतली मोटर कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्याआधी पोरीवर अक्षता टाकायच्या. योगिनी नको म्हणत होती. "दादा, तुमचा दाब कोण बघंल?" तर हा म्हणाला, "गुरुजी हायती की. साऱ्या गावाला ज्यांनी शिकवलं, त्यांना ह्ये येनार न्हाय व्हय?" भवानीनगरचं स्थळ आलं, मुलगा कारखान्यात नोकरीला. गेल्या वैशाखात लग्न झालं. म्हणजे जो कान त्याला जिवंत ठेवत होता, तो सिद्धूनं स्वतःच्या हातानं सासरी पाठवला. आपल्याकडं बाप असंच करतात आणि वर त्याला सुख म्हणतात.

योगिनीनं मला शिकवलं. माझ्याच विद्यार्थ्याची पोर मला शिकवतेय, मी आपला सगळं येतंय अशा थाटात मान डोलवत होतो. ती विचारायची, "गुरुजी, आला का आवाज?" मी म्हणायचो, "आला की." पहिले काही दिवस खरंच यायचा. रोज संध्याकाळी पाच वाजता सिद्धू पिशवी सांभाळत माझ्या ओसरीवर यायचा, कॉटवर आडवा पडायचा. मी त्याला "डोळे मिट, स्वस्थ पड" असा वर्गातल्यासारखा हुकूम द्यायचो, आणि तो डोळे मिटायचा.

गणपतीच्या सुमाराला मला वाटलं, यंत्राचा आवाज बारीक झालाय. सेल बदलले. पुन्हा बदलले. दुकानदाराला दोन शिव्या दिल्या. यंत्राला काहीही झालं नव्हतं. माझे कान गेले होते. बायको गेल्यापासून घरात मी एकटा, त्यामुळं सांगणारंही कुणी नाही. टीव्ही मोठ्यानं लावायची सवय लागली होती आणि हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात अशी माझी तक्रार होती. ते बारीक शूंऽऽ मला दिवाळीच्या आधीच ऐकू येईनासं झालं.

मी काय केलं? हवा भरायचो, सावकाश सोडायचो, काटा ऐंशीवर आला की म्हणायचो, "हां, आला." योगिनीच्या काळात बहुतेक वेळा ऐंशीच्या आसपास असायचा, म्हणजे आताही ऐंशीच असणार, असा माझा हिशेब. रोज ऐंशी बरं दिसत नाही म्हणून कधी अठ्ठ्याहत्तर लिहायचो, कधी ब्याऐंशी. विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत असे आकडे ठोकून दिले तर मी छडीनं हात सुजवत असे. पुण्याहून निरोप यायचा, "व्हेरी गुड." योगिनीलाही मी आकडा पाठवायचो आणि ती हात जोडल्याचं चित्र पाठवायची. लाज वाटायला पाहिजे होती. मला अभिमान वाटत होता.

यंदा फेब्रुवारीत सर्जेरावांचा एकसष्टावा वाढदिवस आला. संस्थेच्या मैदानात मांडव, फ्लेक्स आणि मोफत आरोग्य शिबिर. फ्लेक्सवर सर्जेरावांच्या फोटोखाली सिद्धूचाही फोटो, "नाडीविना जगणारा आपला वाघ". शिबिराला गर्दी व्हावी म्हणून त्याला सकाळी दहापासून स्टेजशेजारी उभा केला होता. फीत कापायला पाहुणे यायचे होते, ते सोमेश्वरनगरच्या अलीकडं उसाच्या गाड्यांत अडकले. मांडवाची सावली पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, सिद्धू उन्हात. पाणी प्यायला गेला तर सर्जेराव माइकवरून ओरडले, "सिद्धू, कुठं चाललास? हितंच थांब, लोकं बघायला आल्याती!" तो थांबला. साडेबाराला चक्कर येऊन खाली बसला.

शिबिराला बाहेरून आलेल्या डॉक्टरनं धावत येऊन मनगट धरलं. नाडी नाही. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. यंत्र लावलं, चूक दाखवलं. परत लावलं, परत चूक. तिसऱ्या वेळी कुठूनतरी बावन्न असा आकडा उठला. "बीपी लागतच नाही. फार लो आहे. दाबाची गोळी घेतो का हा? मग ताबडतोब बंद! मीठ-साखरेचं पाणी पाजा, दिवसातून चार-पाच वेळा." आमच्याकडं बीपी लो झालं की मीठ-साखरेचं पाणी, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाच बायका पाच तांबे घेऊन आल्या. सर्जेरावांनी पहिला घोट स्वतःच्या हातानं पाजला आणि त्याचा फोटो निघाला.

मी तिथंच उभा होतो. हे यंत्र सिद्धूवर चालत नाही, हे त्या मांडवात पक्कं ठाऊक असलेला, शुद्धीवरचा मी एकटा माणूस होतो. उन्हानं तहानलाय, पाणी द्या, सावलीत न्या, गोळी बंद करू नका, एवढंच बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण लगेच मनात आलं, हा डॉक्टर म्हणेल, बरं गुरुजी, मग तुमचं यंत्र आणा आणि सर्वांसमोर मोजून दाखवा. तीनशे माणसं, माइक चालू, आणि मी बहिरा. मी तोंड मिटलं.

संध्याकाळी सिद्धूची बायको तानूबाई माझ्याकडं आली. लिहिता-वाचता न येणारी बाई, पण कुठली गोळी कधी हे रंगावरून पाठ. "गुरुजी, ती दाबाची पिवळी गोळी खरंच बंद करू? पोरीला इचारू का?" मी म्हणालो, "मोठे डॉक्टर आहेत ते. योगिनीला दिवस गेलेत, कशाला तिच्या जिवाला घोर? चार दिवस बंद ठेवा. मी मोजतोय ना रोज!" तिनं माझा शब्द मानला, सिद्धूनंही मानला. चार दिवसांचे आठ झाले. गोळी बंद, मिठाचं पाणी चालू, आणि वहीत माझे ऐंशी.

आठव्या दिवशी सिद्धू पाचच्या आधीच आला. बसला नाही. कमरेचा डबा माझ्यापुढं धरला. "गुरुजी, डिलिव्हरी पडलीया. मागल्या आठवड्यात ह्यो मिन्टाला चार-साडेचार लिटर दाखवायचा, आता तीनाच्या वर जाईना. मोटर तेवढीच फिरतीया. म्हंजी म्होरं कुठंतरी दाबलं गेलंय. डोकं बी जड झालंय सकाळपासनं. जरा नीट बघा."

सव्वीस वर्षं पाइपावर हात ठेवलेला माणूस मला नेमकं काय बिघडलंय ते सांगत होता. मी त्याला कॉटवर झोपवला. पट्टा बांधला, पंखा बंद केला, श्वास रोखला, यंत्र पार कानाजवळ घेतलं. काही नाही. हवा सोडत गेलो. शंभर, नव्वद, पंच्याऐंशी. आता बोलायला हवं होतं. "सिद्धू, मला ऐकू येत नाही बाबा, गाडी काढू आणि बारामतीला जाऊ." एका श्वासात संपणारं वाक्य.

"हां, आला," मी म्हणालो. "ऐंशी. एकदम छान."

तो उठून बसला. माझ्याकडं क्षणभर बघितलं. शर्टाची बाही खाली केली, पिशवी खांद्याला लावली. "बरं गुरुजी. येतू मग," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गोठ्यात दूध काढता काढता त्याच्या हातातली किटली पडली. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, मग शुद्ध गेली. बारामतीला नेईपर्यंत डोळ्यांच्या बाहुल्या फाकल्या होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई बिचाऱ्या गोंधळल्या. नाडी तर आधीपासूनच नाही, मग गेला म्हणायचं कशावरून? डोक्याचा फोटो काढला. अर्ध्या मेंदूत रक्त. मेंदू संपलेला आणि पंप आपला ठरल्या वेगानं फिरतोय. छातीवर कान ठेवला तर घरघर ऐकू येते असं लोक म्हणत होते. मी कान ठेवला नाही. पुण्याशी बोलणी होऊन कागद तयार व्हायला दुपारचे तीन वाजले. भवानीनगरहून योगिनी आली होती. पंप बंद करताना धोक्याची घंटा वाजू नये म्हणून आधी कुठलं बटन दाबायचं, ते तिलाच येत होतं. सहा महिन्यांचं पोट घेऊन ती वाकली आणि बापाची तार तिनं काढली. नंतर मला विचारलं, "गुरुजी, काल किती हुतं?"

"ऐंशी," मी म्हणालो.

तेराव्यानंतर पुण्याचा अहवाल आला. योगिनीनं तो सर्वांसमोर वाचून दाखवला. रक्तदाब शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम नियंत्रणात होता. त्यामुळं रक्तस्राव दाबामुळं झाला असं दिसत नाही. रक्त पातळ करण्याच्या औषधाची मात्रा चुकून जास्त गेली असण्याची शक्यता आहे. अहवालाबरोबर ऋषिराजचं मला वेगळं पत्र होतं. सर्व रुग्णांमध्ये तुमची वही सर्वांत नियमित आहे आणि नव्या पंपाचा वेग ठरवायला आम्ही ती वापरत आहोत, असं त्यानं आदरानं लिहिलं होतं. त्याला खरं काय ते मी पुढं कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

गोळ्या कोण द्यायचं? तानूबाई. एवढं गावाला पुरेसं होतं. अडाणी बाई, दोनदा दिली असणार. रंगावरून ओळखते म्हणे! सर्जेराव सांत्वनाला आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "आमी लै जपला हुता वो त्याला. घरातच चुकलं, त्याला कोण काय करनार?" नळावर बायका तिच्याकडं बघून गप्प व्हायच्या. योगिनीसुद्धा आईशी तुटक बोलायला लागली. तानूबाई कुणाला काही उत्तर देत नव्हती. मी त्या घरावरून रोज जायचो आणि रोज पुढं निघून जायचो. असे सात आठवडे मी काढले. भ्याडपणाला दुसरा शब्द मला विज्ञानात सापडलेला नाही.

शेवटी एका सकाळी गेलो. ती पडवीत ज्वारी पाखडत होती. मला बघून पदर सारखा केला, बसायला पोतं टाकलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"तानूबाई, गोळीचं काही नव्हतं," मी म्हणालो. "माझा आकडा खोटा होता. मला ते यंत्र ऐकू येत नाही. दिवाळीच्या आधीपासून मी मनानंच लिहीत होतो."

तिनं सूप खाली ठेवलं. "ठावं हाय, गुरुजी."

"कुणी सांगितलं?"

"त्यास्नी ठावं हुतं. दिवाळीपास्नंच. घरला येऊन म्हनायचे, आवाज कवाच सुरू झालेला असतुया, आन गुरुजी आपले हवा सोडतच बसत्याती." ती सुपातल्या ज्वारीकडं बघत बोलत होती. "आधी म्हनायचे, दोन-चाराचा फरक पडत असंल, ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी मातुर त्यांनी डोळं उघडून काटा बघितला. तुमी ऐंशी म्हनला, पर आवाज आला तवा काटा सव्वाशेच्या म्होरं हुता."



"मग बोलला का नाही तो? तेव्हाच का नाही बोलला?"

"तुमास्नी? तोंडावर?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "घरला आले, पिवळी गोळी मागून घेतली. मी म्हनलं पोरीला आत्ताच फोन लावते, गाडी करून येतील. तर म्हनले, आज नगं. गुरुजींनी आत्ताच मोजलंय, आन लगीच पोरीला बोलवली तर त्यास्नी कळंल. वय झालंय त्यांचं, मनाला लागंल. उद्या बोलवू, मी काय तरी निमित्त काढतो. आन मला शपत घातली, गुरुजींचं नाव कुठं काढू नगं."

"म्हणून तू इतके दिवस गप्प राहिलीस? सगळं गाव तुला बोलतंय, पोरगी बोलतीये."

"शपत घातली हुती," ती म्हणाली.

तिनं सूप उचललं, परत ठेवलं, आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"पर गुरुजी, तुमी शिकलेलं हायसा. खरं सांगा. माझ्या हातनं गोळी जास्त न्हवती गेली न्हवं?"

"नव्हती गेली," मी म्हणालो.

सिद्धू गेल्यापासून कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती तेव्हा रडली.